मी फक्त स्पीकर सरकवले!

...नाही, पण मला एक सांगा, माझा गुन्हा काय? चोरी केली? मारामारी केली? कुणाच्या घरात शिरलो? स्वतःच्या घरात, स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःचे दोन स्पीकर इथून उचलले आणि तिथं ठेवले. बस्स! एवढंच! आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून माझ्या संसाराचा, माझ्या इतक्या वर्षांच्या समजुतीचा, माझ्या... माझ्या गळ्याचा जो काही पंचनामा झालाय ना, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. अजून! सकाळी दात घासता घासता मध्येच थांबतो. ब्रश तोंडात तसाच. बाहेरून ही विचारते, "अहो, झालं का?" आता काय सांगू झालं का! सगळंच झालं! आणि मी फक्त स्पीकर सरकवले हो!

थांबा, असं मधूनच तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो. माझं पडद्यांचं दुकान आहे. दारांचे, खिडक्यांचे, झालरवाले, बिनझालरीचे, अस्तर लावलेले... लोकांच्या घरी जायचं, स्टुलावर चढायचं, खिडक्या मोजायच्या, खाली उतरायचं आणि रंगावरून नवरा-बायकोची जुंपलेली बघत उभं राहायचं, हा माझा धंदा. मोजपट्टी कायम खिशात. लग्नात सुद्धा खिशात होती, फोटोत दिसते. तर असंच एक गिऱ्हाईक आलं. त्याचं मी आपलं कानसेन नाव ठेवलंय. हा माणूस बोलतो कसा? असा... अगदी... कुजबुजत. "मला... जाड पडदे हवेत." मी म्हटलं, ऊन फार येतं का? तर म्हणतो, "नाही. आवाज फार उड्या मारतो." आता मला सांगा, आवाज उड्या मारतो म्हणून पडदे घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी नव्हता पाहिला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, गेलो मोजायला.

मोजून झालं. निघणार, तेवढ्यात म्हणतो, "बसा. त्या खुर्चीत. डोळे मिटा." मला जरा भीतीच वाटली. अनोळखी घर, अनोळखी माणूस, आणि डोळे मिटा म्हणतोय! पण बसलो. आणि त्यानं गाणं लावलं... आणि मी गारच पडलो. अहो, बाई समोर येऊन उभी राहिली! गाणारी बाई! समोर, मधोमध, या इथं! व्हायोलिनवाला डावीकडं, बासरीवाला उजवीकडं, आणि मागं कुणीतरी हळूच घसा साफ केला तो सुद्धा मला ऐकू आला! मी दचकून डोळे उघडले, तर समोर कुणी नाही. नुसते दोन स्पीकर. मी म्हटलं, अहो ही बाई गेली कुठं? तर कानसेन हसला. तेही कुजबुजत हसला. म्हणाला, "तुमच्याकडं स्पीकर कसे लावलेत?" मी म्हटलं, एक कपाटावर, आणि एक सोफ्याच्या मागं. त्यानं छातीवर हात ठेवला. "सोफ्याच्या... मागं?" आणि खाली बसला हो! पाणी प्यायला लागलं त्याला!

मग त्यानं मला सगळं समजावलं. दोन स्पीकर आणि आपलं डोकं, हे तीन कोपरे. तिन्ही बाजू सारख्या. स्पीकर भिंतीला टेकवायचे नाहीत, खोलीच्या कोपऱ्यात कोंबायचे नाहीत, नाहीतर जाडा आवाज नुसता घुमतो. कानाच्या उंचीला ठेवायचे आणि तोंड जरा आपल्याकडं वळवायचं. मध्ये काही म्हणजे काही नको. "आणि मग," कानसेन म्हणाला, "आवाज वेगळे होतात. जो जिथं होता, तो तिथं दिसतो." हे वाक्य लक्षात ठेवा बरं का! जो जिथं होता, तो तिथं! मला तेव्हा हे वाक्य किती गोड वाटलं होतं! मूर्ख मी!

आता आमच्या हॉलची परिस्थिती ऐका. डावा स्पीकर कपाटावर, छताला जवळजवळ चिकटलेला, त्याचं तोंड खिडकीकडं. का? तर हिला तो तिथं धूळ पुसायला सोपा पडतो. उजवा स्पीकर सोफ्याच्या मागं, जमिनीवर, आणि त्याच्या पुढं एक भलीमोठी कुंडी. मी कितीदा म्हटलं, अगं ही कुंडी जरा बाजूला घेऊ. "नको! तिथं तिला ऊन मिळतं." सोफ्याच्या मागं! ऊन! आणि मी ऐकून घेतलं! पडदे विकणारा माणूस मी, ऊन कुठून कुठं येतं ते डोळे मिटून सांगीन, आणि घरात मात्र, बरं, असेल ऊन, म्हणून गप्प बसलो. संसारात असं काय काय आपण गिळत असतो बघा.

पण माझा जीव कशात अडकला होता ते सांगतो. आमच्याकडं एक कॅसेट आहे. म्हणजे होती, आता तिची सीडी करून घेतलीय. फार जुनी. मी हिच्या घरी पहिल्यांदा गेलो होतो तेव्हाची. मी आणि माझा मामा. ओळखपाळख, चहापाणी, तुम्ही काय करता, आम्ही पडदे विकतो, सगळं झालं, आणि मग मामानं हळूच सोडून दिलं, "आमचा मुलगा गातो बरं का!" आणि मी गायलो. लाजलोबिजलो नाही, सरळ गायलो. मोठं विरहाचं गाणं होतं, भरपूर कडवी. तेव्हा माझा हा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, त्याला नवानवा टेपरेकॉर्डर मिळाला होता, दोन माईकवाला. त्यानं एक माईक ठेवला डावीकडं, सासऱ्यांच्या आरामखुर्चीपाशी. दुसरा उजवीकडं, स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथं ही आणि सासूबाई उभ्या होत्या. मधोमध मी. सगळं गाणं रेकॉर्ड झालं. आणि शेवटी टाळ्या! काय टाळ्या! तुम्हाला सांगतो, टाळ्या जरा कमी झाल्या म्हणून मी म्हटलं, "आता आणखी एक..." तर परत टाळ्या! आधीच्यापेक्षा जोरात! मला पुढचं गाणं सुरूच करू देईनात! इतके खूश झाले होते लोक! आणि दुसऱ्याच दिवशी होकार आला.

आता तुम्हीच सांगा, यावरून माणूस काय समजेल? मी समजलो, ही आपल्या गाण्यावर भाळली. आणि हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो. दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं. दिसायला मी हा असा, धंदा पडद्यांचा, माझ्याकडं दुसरं होतं काय मिरवायला? एक गाणं! लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला ती कॅसेट आम्ही लावायचो. कपाटावरून आणि कुंडीमागून जे काही ऐकू यायचं ते ऐकायचो. माझा आवाज यायचा, आणि त्याच्या मागं लोकांची अखंड गुणगुण. शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण. मला वाटायचं, वा वा करतायत. दुसरं काय करणार गाणं चालू असताना?

आणि हिला माझ्या गळ्याची किती काळजी! लग्न झाल्यापासून मी आंघोळीत जरा आवाज लावला की बाहेरून, "अहो, घसा बसेल!" प्रवासात जरा सूर धरला की, "अहो, वारा लागतोय, तोंड मिटा!" कधी अगदी रंगात आलो की नेमकं घरातलं दूध संपायचं, आणि मला आणायला जावं लागायचं. मी मित्रांना सांगायचो, गळा जपावा तर माझ्या बायकोनं!

तर यंदाच्या वाढदिवसाला मी ठरवलं, ही सीडी नीट ऐकायची. आणि ऐकवायची! सासूबाई येणार, मेहुणा येणार, त्यांच्यासमोर! ज्या घरात मी गायलो ते अख्खं घर आमच्या हॉलमध्ये उभं करायचं. जो जिथं होता, तो तिथं! मी हिला सांगितलं, सोफा हलवू. तर ही कधी नव्हे ते ओरडली, "सोफा हलणार नाही!" मी म्हटलं, अगं फक्त स्पीकर सरकवायचेत. "अजिबात नाही! आणि स्वयंपाकघरात जायचं कुठून? स्पीकरवरून उडी मारून?" मी म्हटलं, त्या दिवसापुरतं. "आणि माझी कुंडी?" कुंडी, कुंडी, कुंडी! मुलीला सांगितलं तर ती फोनमध्ये बघत म्हणते, "बाबा, एवढं कशाला करताय? ऐकायचंच असेल तर एकटे हेडफोन लावून ऐका की." हेडफोन! मी म्हटलं, अगं गाणं काय कानात कोंबायची वस्तू आहे का? ते खोलीत व्हायला पाहिजे! चार माणसांत! तशी ती हिच्याकडं बघायला लागली, ही तिच्याकडं बघायला लागली. मला वाटलं, माय-लेकींचं काहीतरी आपलं चाललंय.

वाढदिवसाच्या दिवशी ही सासूबाईंना आणायला गेली, आणि मी डाव साधला. दार लावलं, बाह्या सरसावल्या, मोजपट्टी काढली. सोफा एकट्यानं ढकलला, कंबर धरली, तरी ढकलला. कपाटावरचा स्पीकर खाली, सोफ्यामागचा बाहेर, कुंडी बाल्कनीत. स्पीकर ठेवायला दोन स्टुलं, दुकानातली, तीच पडदे लावायची. समोर एक खुर्ची. मग मोजमाप. खुर्चीपासून डावा, खुर्चीपासून उजवा, डाव्यापासून उजवा. एक बाजू जुळली की दुसरी हलायची. ऊठ, सरकव, बस, डोळे मीट. परत ऊठ. गुडघे बोलायला लागले. पण शेवटी लावली दुसरी एक सीडी, नुसत्या वाद्यांची, आणि काय सांगू, कानसेनच्या घरासारखं झालं! ते वाद्य इथं, हे वाद्य तिथं, सगळं मोकळं मोकळं! फक्त त्या एका खुर्चीतच बरं का. जरा बाजूच्या सोफ्यावर गेलं की थोडा घोळ. आणि दाराजवळ गेलं की जुनाच गोंधळ. माझं गाणं मात्र मी तेव्हा लावलं नाही. म्हटलं, सगळ्यांबरोबर ऐकू. तेवढाच मान सगळ्यांना.

तर हे आले सगळे. दार उघडलं. ही आत आली, आणि हॉलकडं बघून जागच्या जागी थबकली. चेहरा पांढराफटक! हातातली पिशवी खाली! मला वाटलं, बघा, किती भारावली! म्हणते, "अहो... आज गाणं नको. आधी केक कापू." मी म्हटलं, नंतर कापू. "आईला दगदग होईल." अगं, खुर्चीत बसायची कसली दगदग? "लाईट जातील." जातील कशानं? शेवटी ती "मी कॉफी ठेवते" म्हणाली आणि जी स्वयंपाकघरात गेली, ती आलीच नाही बाहेर. आणि अजून तुम्हाला काही वाटलं नाही ना? मला पण नाही वाटलं! मी फक्त स्पीकर सरकवले होते हो!

पहिला मान सासूबाईंना. बसवलं खुर्चीत, म्हटलं, डोळे मिटा. त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटले. मी सीडी लावली आणि पार मागं, दाराजवळ जाऊन हात बांधून उभा राहिलो. गाणं सुरू झालं. जरा वेळानं सासूबाईंनी एकदम मान डावीकडं वळवली. डोळे मिटलेलेच. हात पुढं केला. आणि म्हणाल्या, "अहो?" असं. हळूच. डाव्या स्पीकरला! आणि मग हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या! माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, काय हे आपलं गाणं! एवढ्या वर्षांनी सुद्धा बाई हसतेय काय, रडतेय काय!

मग मेहुण्याला बसवला. तो बसला ताठ. थोड्या वेळात त्याचे खांदे हलायला लागले. मग रुमाल काढला. मग तो रुमाल त्यानं तोंडात घातला. आणि गाणं संपायच्या आत उठून बाल्कनीत पळाला, आणि कुंडीला धरून उभा राहिला, पाठमोरा. मी म्हटलं, भरून आलं बिचाऱ्याला! मुलीला म्हटलं, ये, बस आता तू. तर म्हणते, "नको बाबा, मला माहितीये ते... म्हणजे, तुम्हीच बसा. तुमचं गाणं आहे." आणि माझ्याकडं अशी बघत होती, जसं आपण दवाखान्यात नेताना माणसाकडं बघतो.

मी बसलो. डोळे मिटले. आणि गाणं सुरू झालं. खरोखर, अख्खं ते घर उभं राहिलं हो समोर! मधोमध मी, घसा खाकरून आलाप घेतोय. आणि डावीकडून, अगदी आरामखुर्चीतून, माझे सासरे. जाऊन किती वर्षं झाली त्यांना! अगदी कानाशी आल्यासारखे म्हणाले, "हे काय झालं याला?" कुणीतरी म्हणालं, "गातायत." "गातोय? मला वाटलं ठसका लागलाय. पाणी देणार होतो."

मी डोळे उघडले. परत मिटले. म्हटलं, काहीतरी चुकतंय. पहिलं कडवं. डावीकडून, "संपलं?" दुसरं कडवं. डावीकडून, "आता संपलं?" "नाही, अजून आहे." "अजून? त्या मामाला विचारा, याला थांबवायची काही सोय आहे का!" मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस, त्याला कसली आलीय गाण्याची समज. ही तर भाळली होती ना? मग मी कान लावला उजवीकडं. स्वयंपाकघराचं दार. सासूबाईंचा आवाज, "काय गं, कसा वाटतो मुलगा?" आणि हिचा आवाज! तरुणपणचा, गोड, नितळ! एक एक अक्षर मोजून घ्यावं असं! "गाणं सोडलं तर चांगला आहे."

गाणं सोडलं तर!

ऐका, ऐका, पुढं ऐका. सासूबाई म्हणतात, "अगं पण गातोय की हा! आणि रोज गायला लागला तर?" तर ही काय म्हणाली माहितीये? "आई, ते लग्नानंतर बंद करता येईल." बंद! नळासारखं! तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. घसा बसेल! वारा लागेल! दूध संपलंय! सगळं झरझर डोळ्यासमोरून गेलं. किती वेळा मी ते दूध आणायला गेलोय! घरात आधीची पिशवी असायची हो, मला परत आल्यावर फ्रिजमध्ये दिसायची, आणि मी म्हणायचो, असू दे, दोन असल्या तर काय बिघडलं!

आणि टाळ्या? म्हटलं, टाळ्या तरी माझ्या राहू देत. गाणं संपलं. डावीकडून सासरे, "वाजवा! टाळ्या वाजवा लवकर, नाहीतर दुसरं काढेल!" कडकडाट. मग टाळ्या कमी झाल्या, आणि मधोमध मी, खुळा, "आता आणखी एक..." आणि डावीकडून ओरडाच, "वाजवा रे! थांबू नका! वाजवा!"

मी बंद केलं ते. उठलो. स्वयंपाकघरात गेलो. ही तशीच उभी, कॉफी उकळून उकळून काळीठिक्कर झालेली. मी म्हटलं, गाणं सोडलं तर? हिनं गॅस बंद केला. मी म्हटलं, बोल की! तर खाली बघून म्हणते, "मला काय माहीत तो माईक एवढा चांगला होता!" म्हणजे पश्चात्ताप बोलल्याचा नाही, माईकचा! आणि बाल्कनीतून मेहुणा ओरडतो, "दाजी, त्या काळातला सगळ्यात भारी माईक होता तो!" मी म्हटलं, तू गप रे! आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुंडी! मी म्हटलं, ही कुंडी स्पीकरपुढं कधीपासून आहे गं? हिनं मुलीकडं बघितलं. आणि मग मुलगी म्हणते, "बाबा, मी कॉलेजात असताना एकदा हेडफोन लावून टाळ्या सुरू होईपर्यंत ऐकलं होतं. मग मी आईला सांगितलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही..." म्हणजे यांना माहीत होतं! इतकी वर्षं! दर वाढदिवसाला मी कपाटाकडं तोंड करून डोळे मिटून डोलतोय, आणि या दोघी सोफ्यावर बसून... माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या गाण्याला कुंडी लावून ठेवली होती यांनी!

मी भडकलोच. म्हटलं, एवढं नकोसं होतं तर होकार कशाला दिलात? मोडायचं होतं! मी काय दारात धरणं धरून बसणार होतो? सगळं आयुष्य मी लोकांना सांगत सुटलो की माझ्या गाण्यानं माझं लग्न जमवलं! आता उद्या दुकानात कुठलं तोंड दाखवू? खरंच सांगतो, रडू आलं मला. पडद्यांच्या धंद्यात एवढी वर्षं काढली, लोकांच्या घरातलं झाकत आलो, आणि आपलं हे असं उघडं! ही म्हणाली, "अहो..." आणि एक पाऊल पुढं आली.

तेवढ्यात हॉलमधून सासूबाई. "जावईबापू, बाहेर या. तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत. बंद केलंत." मी म्हटलं, आणखी काय राहिलंय? "या हो. त्या दुसऱ्या टाळ्यांच्या आत आहे. हे मी पण विसरून गेले होते." मला धरून बसवलं खुर्चीत, आणि मुलीला म्हणाल्या, लाव. परत टाळ्या. कडकड, कडकड. मधोमध मी अजून आणखी-एक-आणखी-एक करतोय. आणि डावीकडं सासूबाई आल्यात, सासऱ्यांना सांगतायत, "अहो, ती हो म्हणतेय." आणि सासरे, टाळ्या वाजवता वाजवता, अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणू दे. माझा पण हो. इतकं वाईट गाणं इतक्या मनापासून म्हणणारा माणूस कुणाला फसवायचा नाही."

मी बसूनच राहिलो. सीडी संपली तरी बसून. म्हणजे बघा, जमलं ते गाण्यामुळंच! मी सांगत होतो त्यात खोटं काहीच नव्हतं! पण हे आता दुकानात सांगायचं कसं? ही दारात उभी होती, पदरानं डोळे पुसत. म्हणाली, "बाबा असं म्हणाले होते? मला कधी सांगितलंच नाही कुणी." आणि माझ्याकडं बघून हसली. मी ठरवलं होतं चार दिवस बोलायचं नाही. कुठलं काय! ती काळी कॉफी सुद्धा प्यायलो.

तर आता सगळं पूर्ववत करणार होतो मी. स्पीकर कपाटावर, कुंडी जागेवर, कानाला खडा. पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी निघताना सासूबाई हात धरून म्हणाल्या, "जावईबापू, हे स्पीकर हलवू नका. ह्यांचा आवाज दुसरा कुठंच नाही हो माझ्याकडं. फोटो पुष्कळ आहेत, आवाज एवढाच." मी म्हटलं, नाही हलवणार. तेव्हापासून दर रविवारी त्या येतात. सरळ खुर्चीत बसतात, पदर सारखा करतात, डोळे मिटतात, म्हणतात, लावा. आणि मी, स्वतः, स्वतःच्या हातानं लावतो! "ठसका लागलाय" आलं की त्या हसतात, "थांबवायची काही सोय आहे का" आलं की म्हणतात, "अगदी असेच होते हो!" आणि शेवटच्या वाक्याला डावीकडं हात पुढं करतात. त्या एका वाक्यासाठी अख्खं गाणं ऐकावं लागतं. आणि आता तुम्हाला खरा धक्का सांगू? तो सासऱ्यांचा नाही, हिचा नाही. त्या खुर्चीत बसून, नीट लावलेल्या स्पीकरवर, मी आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःला ऐकलं. मधोमध. स्वच्छ. मोकळं.

सासरे बरोबर होते हो.

सासूबाई मोठ्या मनानं म्हणतात, "जावईबापू, आज तुम्ही बसा की खुर्चीत." मी म्हणतो, नको, तुम्ही बसा. सोफ्यावर ही, तिच्या शेजारी मुलगी, स्वयंपाकघरात जायला वाट नाही म्हणून सगळे स्टुलांना अडखळतायत, मधोमध माझं तरुणपण बेसूर रडतंय... आणि मी आपला गुपचूप जाऊन बसतो दाराजवळ, चपलांच्या कपाटावर. तिथं सगळा जुनाच गोंधळ ऐकू येतो. लोकांची ती गुणगुण येते, शब्द कळत नाहीत, टाळ्या येतात, भरपूर येतात... आणि तिथून ऐकलं ना, तर मी अजूनही फार चांगला गातो.